ताऱ्याकडे निघताना सोबत अख्खं उद्यमबाग न्यावं लागेल

खानापूर तालुक्यातल्या एका गावातून बारावी सायन्सच्या मुलीने विचारलं आहे : "सर, माणूस कधीतरी दूरच्या ताऱ्यापर्यंत पोचेल का? आमच्या वर्गात दोन गट पडलेत. एक म्हणतो शंभर वर्षांत नक्की, दुसरा म्हणतो कधीच नाही. आणि मला यातच काहीतरी करायचं असेल तर मी काय शिकू?"

बाळ, मी खगोलशास्त्रज्ञ नाही. बेळगावात छत्तीस वर्षं मशीन मेंटेनन्स केला. आधी उद्यमबाग या इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये, शेवटची काही वर्षं विमानाचे भाग बनतात तिथे. आकाशदर्शनाचा नाद शाळेपासूनचा. त्यामुळे मी उत्तर देणार ते यंत्र चालू ठेवणाऱ्या माणसाच्या नजरेने. माझं मत आधीच सांगतो. माणूस जाईल, पण शंभर वर्षांत नाही. आणि त्याला अडवणारी सगळ्यात मोठी गोष्ट वेग नाही, दुरुस्ती आहे.

अंतराचा अंदाज आधी हातात येऊ दे. सूर्य म्हणजे बेळगावात चन्नम्मा सर्कलला ठेवलेला एक हरभरा समज. पृथ्वी त्याच्यापासून 1 मीटरवर, मिठाच्या कणापेक्षा बारीक. चंद्र पृथ्वीपासून अडीच मिलिमीटरवर. आजवर माणूस गेला तो एवढाच, अडीच मिलिमीटर. नेपच्यून 30 मीटरवर. 1977 साली सुटलेलं व्हॉयेजर 1 हे माणसाने पाठवलेलं सगळ्यात लांबचं यान, ते जवळजवळ अर्धं शतक पळून साधारण 170 मीटरवर पोचलंय. आणि सूर्याच्या सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी? तो नाकासमोर सरळ रेघ मारली तर शिरवळच्या आसपास, नीरेच्या काठी. म्हणजे 268 किलोमीटरवर. मधे रस्ता नाही, धाबा नाही, पंप नाही. खरं अंतर 4.24 प्रकाशवर्षं, सुमारे 40 लाख कोटी किलोमीटर. व्हॉयेजर सेकंदाला 17 किलोमीटर जातं. त्या वेगाने एवढं अंतर कापायला सुमारे 75,000 वर्षं लागतील.

तुमच्या वर्गातला कोणीतरी म्हणेल की सूर्याकडे पाठवलेलं पार्कर यान याहून कितीतरी वेगाने गेलं. खरं आहे. 24 डिसेंबर 2024 ला ते सूर्याजवळून ताशी 6 लाख 90 हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने गेलं. पण तो चोर्ला घाट उतरताना गाडीला येतो तसा वेग आहे. सूर्याच्या ओढीने आलेला, सूर्यापासून लांब जाताना परत गमावलेला. आणि तो तसाच टिकला असता तरी 6,600 वर्षं लागली असती.

आता ऊर्जेचं बघ. प्रकाशाच्या वेगाच्या एक दशांश वेग मिळाला तर प्रवास 42 वर्षांवर येतो, माणसाच्या आयुष्यात बसतो. ½mv² तू शिकली आहेस. m ला 1 किलो घाल आणि v ला सेकंदाला 30,000 किलोमीटर. उत्तर ज्यूलमध्ये येईल, त्याला 36 लाखाने भागलंस की युनिट मिळतात, आपल्या वीजबिलावर असतात तेच. साडेबारा कोटी युनिट. एका किलोला! आमच्याकडे इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, एक टन बीड (ओतीव लोखंड) वितळवायला साधारण 600 युनिट लागतात. म्हणजे एक किलो वस्तू त्या वेगाला न्यायची तर दोन लाख टन बीड वितळवण्याएवढी वीज. आणि तिकडे थांबायचं असेल तर तेवढीच ऊर्जा पुन्हा, ब्रेक मारायला. आज पृथ्वीभोवती फिरणारं अंतराळ स्थानक 400 टनांच्या वर आहे आणि त्यात एरवी सात माणसं राहतात. 1,000 टनांचं यान धरलं तर नुसता वेग घ्यायला आजच्या सगळ्या जगाची चार वर्षांची वीज लागेल.

आजच्या रॉकेटच्या इंधनाने हे जमणारच नाही. त्सिओल्कोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने 1903 साली रॉकेटचं समीकरण मांडलं. त्यात इंधन वेगाबरोबर सरळ वाढत नाही, घाताने वाढतं, कारण पुढे लागणारं इंधनही आधी उचलून न्यावं लागतं. रासायनिक इंधन घालून गणित केलंस तर यानाच्या वजनाच्या किती पट इंधन लागेल ते येतं : एकावर 2,800 हून जास्त शून्यं. दिसणाऱ्या विश्वातल्या सगळ्या अणूंची संख्या एकावर 80 शून्यांच्या घरात आहे. कॅल्क्युलेटर एरर दाखवेल, लॉग घेऊन कर.

मग उरतं अणूंचं संमीलन, म्हणजे सूर्यात चालतं ते. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या लोकांनी 1973 ते 1978 या काळात डीडॅलस नावाचा आराखडा केला. यान 54,000 टनांचं, त्यातलं 50,000 टन इंधन, वेग प्रकाशाच्या 12 टक्के. बर्नार्डचा तारा 6 प्रकाशवर्षांच्या आत आहे, तिथे पन्नासएक वर्षांत पोचायचं. माणूस नाही, फक्त उपकरणं. आणि थांबायचं नाही, बाजूने निघून जायचं. त्यासाठी लागणारं संमीलन आज कुठे आहे? डिसेंबर 2022 मध्ये कॅलिफोर्नियात पहिल्यांदा प्रयोगशाळेत लेझरने आत घातलेल्यापेक्षा जास्त ऊर्जा बाहेर आली. बाहेर आलेली ऊर्जा एका युनिटलाही थोडी कमी होती, आणि लेझर चालवायला जवळपास 80 युनिट वीज खर्च झाली. मी याला लहान समजत नाही. पहिली ठिणगी पडली, हे फार मोठं आहे. पण ठिणगी आणि भट्टी यांत अंतर असतं.

2016 साली आणखी एक कल्पना पुढे आली. एक-दोन ग्रॅमचं यान, त्याला पातळ शीड, जमिनीवरून प्रचंड लेझरचा मारा, वेग प्रकाशाच्या 20 टक्के. पहिला निरोप्या असाच कुणीतरी जाईल असं मला वाटतं. पण त्यात माणूस बसत नाही. अवकाशच वाकवून जायची जी कल्पना 1994 साली अल्कुबिएरे या भौतिकशास्त्रज्ञाने गणिताने मांडली, तिला ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी, ऊर्जा लागते आणि ती तेवढी कुणालाच कशी मिळवायची ठाऊक नाही. आणि वेगाने जाणाऱ्याचा काळ सावकाश चालतो हे बरोबर, पण प्रकाशाच्या 10 टक्के वेगाला तो फरक अर्धा टक्का पडतो. बेचाळीस वर्षांत अडीच महिने वाचतील.

इथपर्यंतचं सगळं तुला पुस्तकात मिळेल. आता माझ्या धंद्यातलं सांगतो.

उद्यमबागेतल्या ज्या शेडमध्ये मी काम शिकलो तिथे एचएमटीचा 1974 सालचा लेथ आहे. आजही चालतो, आजही त्यावर मिलिमीटरच्या दोन शतांशात जॉब निघतो. पन्नास वर्षं टिकलेलं मशीन म्हणून सगळे कौतुक करतात. पण मी त्याची उघडझाप केली आहे म्हणून सांगतो, त्याची मोटर चार वेळा रिवाइंड झाली. हेडस्टॉकची बेअरिंगं बदलली. क्लचच्या प्लेटी बदलल्या. क्रॉस स्लाइडचा स्क्रू नवा, त्याचा गन मेटलचा नट नवा. हाफ नट किती बदलले त्याचा हिशेब नाही. बेड झिजून मधे खोलगट झालं तेव्हा ते ग्राइंड करून आणलं आणि माझ्या उस्तादांनी कॅरेज निळा रंग लावून लावून उंचवटे शोधत, आठ दिवस हाताने स्क्रेप करून, म्हणजे खरवडून, बसवला. मूळचं राहिलंय ते बिडाचं बेड, हेडस्टॉकचा सांगाडा आणि पुढची पाटी. मशीन पन्नास वर्षं टिकलं नाही. पन्नास वर्षं ते टिकवलं गेलं.

आणि टिकवलं कुणी? एक हाफ नट करायचा तर पॅटर्न एका शेडमध्ये, ओतकाम दुसऱ्या, आटे पाडायचं तिसऱ्या. हीट ट्रीटमेंट लागली तर चौथ्या. बेअरिंग बाजारातून, ते बनलं आणखी कुठे, त्याचं पोलाद तिसरीकडचं. मी एका कारखान्यात होतो तेव्हा एका सीएनसीच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या, स्पिंडलचं बेअरिंग गेलं. तळहाताएवढी वस्तू. ती परदेशातून विमानाने येईपर्यंत अकरा दिवस मशीन उभं होतं आणि आम्ही रोज सकाळी जाऊन त्याच्यावरची धूळ पुसत होतो. अकरा दिवसांनी बेअरिंग आलं. ताऱ्याच्या वाटेवर ते येणार नाही. म्हणून मी म्हणतो की यानासोबत अख्खं उद्यमबाग न्यावं लागेल, आणि उद्यमबागेला माल पुरवणारं सगळं जगही, लहान करून.

यात एक गोष्ट मला नेहमी भारी वाटते ती मोजमापाची. कारखान्यात मायक्रोमीटर बरोबर आहे का ते स्लिप गेजने, म्हणजे अचूक मापाच्या ठोकळ्याने, तपासतात. स्लिप गेज बरोबर आहे का ते बाहेरच्या प्रयोगशाळेत, आणि त्या प्रयोगशाळेची साखळी जाते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत. गेजसुद्धा झिजतो. मग दोनशे वर्षं चाललेल्या यानात मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, नेमका किती हे कोण ठरवणार? जुन्या काळी याला उत्तर नव्हतं. 1889 पासून किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ कुलपात ठेवलेला एक धातूचा दंडगोल होता, तो नेता आला नसता. पण 1983 पासून मीटर प्रकाशाच्या वेगावरून ठरतो आणि 2019 पासून किलोग्रॅमही निसर्गाच्या एका स्थिरांकावरून ठरतो. म्हणजे यानातल्या माणसाला पृथ्वीला न विचारता स्वतःचा मीटर आणि स्वतःचा किलो बनवता येईल. ही अडचण माझ्या हयातीत सुटली, आणि ती सोडवणाऱ्यांच्या मनात तारे होते असंही नाही.

सुटायची राहिलेली आहे ती चिप. एक चिप पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याने बनवणारा देश आज जगात नाही. यान तर लांबच.

अवकाशात झीजही वेगळी होते. तिथे हवा नाही, साधं ग्रीस हळूहळू उडून जातं. हवा नसली की धातूवर ऑक्साइडचा पापुद्रा पुन्हा धरत नाही, आणि दोन स्वच्छ धातू दाबून राहिले तर वेल्डिंग न करता चिकटतात. म्हणून तिथे मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखं कोरडं वंगण लावतात. गुरूकडे गेलेल्या गॅलिलिओ यानाची छत्रीसारखी मोठी अँटेना 1991 मध्ये उघडायला गेले, तर काही काड्या अडकून बसल्या. कारण काय निघालं? सुटायच्या आधी यान अमेरिकेत ट्रकमधून इकडून तिकडे नेलं गेलं होतं. त्या हादऱ्यांत काड्यांच्या टोकांचं कोरडं वंगण निघून गेलं असावं, असा निष्कर्ष निघाला. मोहीम लहान अँटेनावर पार पाडली, पण मोठी शेवटपर्यंत उघडली नाही. माझ्यासारख्या मेंटेनन्सवाल्याच्या पोटात हे वाचून खड्डा पडतो. हातभर अंतरावर माणूस असता, तर एका टिचकीत सुटलं असतं.

व्हॉयेजरचं उलटं. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये त्याचे थ्रस्टर, म्हणजे यानाची दिशा सांभाळणारी लहान इंजिनं, झिजत आले म्हणून नासाच्या लोकांनी वेगळे, 1980 पासून बंद असलेले थ्रस्टर सुरू करून पाहिले. 37 वर्षं थंडीत पडून होते. लागले! नंतर नोव्हेंबर 2023 मध्ये व्हॉयेजर 1 कडून अर्थहीन आकडे येऊ लागले. एक मेमरी चिप मेली होती. निरोप जायला साडेबावीस तास, उत्तर यायला साडेबावीस तास. त्या लोकांनी अर्ध्या शतकापूर्वीची कागदपत्रं काढली, मेलेल्या चिपमधला प्रोग्रॅम तुकडे करून उरलेल्या मेमरीत जिथे जिथे जागा होती तिथे बसवला, आणि एप्रिल 2024 मध्ये यान पुन्हा नीट बोलायला लागलं. मी ती बातमी उद्यमबागेतल्या पोरांना वाचून दाखवली होती. पण हेही खरं की त्याची वीज प्लुटोनियमच्या उष्णतेतून येते. त्या प्लुटोनियमचं अर्धायुष्य 87.7 वर्षं आहे. दरवर्षी सुमारे चार वॉट कमी होतात आणि एकेक उपकरण बंद करावं लागतं. दुरुस्ती करणारा कितीही हुशार असला तरी भट्टीत घालायला काहीतरी लागतं.

डीडॅलसच्या आराखड्यातलं मला सगळ्यात पटलेलं पान हेच, की त्यांनी यानाबरोबर दुरुस्ती करणारे यंत्रमानवही धरले होते. पन्नास वर्षं दुरुस्तीशिवाय काही चालत नाही हे त्यांना कळलं होतं.

यंत्रांइतकीच हवेची देखभाल. ॲरिझोनामध्ये 1991 ते 1993 आठ माणसं काचेच्या बंद इमारतीत राहिली, बायोस्फिअर 2 तिचं नाव. आत शेत, झाडं, लहानसा समुद्रसुद्धा. सोळा महिन्यांत हवेतला ऑक्सिजन 20.9 टक्क्यांवरून 14.5 टक्क्यांवर आला आणि शेवटी बाहेरून सोडावा लागला. खताने भरलेल्या मातीतले जीवाणू ऑक्सिजन खात होते, आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड नवं काँक्रीट शोषून घेत होतं, म्हणून चोरी लवकर लक्षात आली नाही. पृथ्वीवर, दार हाताशी असताना ही गत. अंतराळ स्थानकावर आता पाण्याचा 98 टक्के पुनर्वापर जमलाय. उत्तम काम आहे ते. तरी राहिलेले दोन टक्के, फिल्टर आणि पंपाचे सुटे भाग पृथ्वीवरून जातातच.

आणि माणसं. वेग प्रकाशाच्या एक टक्काच मिळाला, आणि मला तोच जास्त शक्य वाटतो, तर 424 वर्षं लागतील. मागे मोजलंस तर शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधी निघालेलं यान आज पोचलं असतं. मधल्या पंधरा-सोळा पिढ्या वाटेतच जन्मायच्या आणि वाटेतच मरायच्या. त्यांना कुणी विचारलं नाही. आपण सीमाभागातली माणसं, आपल्याला हे थोडं लवकर कळेल. 1956 ची रेघ माझ्या जन्माआधी पडली, तुझ्या आजोबांच्या अंगणातून गेली असेल. ज्या पिढीने ती पाहिली ती गेली. तरी आपल्या घरात मराठी टिकली, कारण कुणीतरी रोज बोलत राहिलं. यानातली विद्याही तशीच टिकेल, नाहीतर नाही. पुस्तकं सोबत असतील, पण बेड स्क्रेप करताना निळा रंग किती पातळ लावायचा हे माझ्या उस्तादांनी माझं बोट धरून दाखवलं होतं. पुस्तकात तीनच ओळी होत्या. पाचव्या पिढीतल्या पोराला ज्या पंपाचं काम कधी पडलंच नाही तो पंप सहाव्या पिढीत बंद पडला तर काय, हा प्रश्न मला इंधनापेक्षा अवघड वाटतो.

त्यामुळे तुमच्या दोन गटांना माझं एकच मोजमाप आहे. ज्या दिवशी चंद्रावर, मंगळावर किंवा मधल्या अवकाशात हजार-दोन हजार माणसांची वस्ती पृथ्वीकडे एकही स्पेअर न मागता शंभर वर्षं जगेल, त्या दिवशी ताऱ्याकडे निघायची तयारी झाली असं समजायचं. तोवर इंजिन सापडलं तरी निघू नये. यंत्रं मात्र माणसाच्या आधी जातील, आणि तुझ्या नातवंडांच्या काळात एखादं निघालं तर मला नवल वाटणार नाही.

आता तू काय शिकायचं ते. फिजिक्स आवडत असेल तर जरूर घे, पण फक्त रॉकेट आणि कृष्णविवरं डोळ्यांपुढे ठेवू नकोस. ट्रायबॉलॉजी नावाचं शास्त्र आहे, घर्षण, झीज आणि वंगण यांचं. मटेरियल सायन्स आहे. माती आणि जीवाणू शिकलीस तरी तू यानाचंच काम करते आहेस, बायोस्फिअर मातीनेच अडवलं होतं. मेकॅनिकलला गेलीस तर पहिल्या वर्षापासून सुट्टीत एखाद्या वर्कशॉपमध्ये बसायला परवानगी माग. हत्तरगीजवळ विमानांचे भाग बनतात, उद्यमबागेत हायड्रॉलिक्स बनतं, तुला पुण्याला जायची गरज नाही. पोरगी म्हणून कुणी दारातून परत पाठवलं तर पुढच्या शेडमध्ये जा. माझ्या शेवटच्या वर्षांत आमच्या तपासणी विभागात सगळ्यात पक्का हात एका मुलीचा होता. ती खानापूरहून रोज पॅसेंजरने यायची.

आणि मे महिन्याच्या मध्यावर, वळिवाने धुऊन आकाश मोकळं झालं की, रात्री साडेअकराच्या सुमारास दक्षिणेला बघ. क्षितिजापासून जेमतेम 13 अंशांवर, हात लांब करून मूठ धरलीस तर सव्वा मूठ वर, दोन ठळक तारे शेजारी शेजारी दिसतील. डावीकडचा जास्त तेजस्वी तो मित्र, अल्फा सेंटॉरी. प्रॉक्झिमा त्याच्याच कुटुंबातला, पण तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पुण्यापेक्षा आपल्याकडे मित्र अडीच अंश वर येतो, आणि दिल्लीत तर क्षितिजाच्या वर जेमतेम डोकावतो. तुमच्या गावाच्या दक्षिणेला डोंगर आडवा येत असेल तर राजहंसगडावर या. तिथून दक्षिण मोकळी आहे, दुर्बीण मी आणतो. वर्गातल्या दोन्ही गटांना घेऊन ये, आणि येताना सगळ्यांना स्वेटर घालायला सांग, मेमध्येसुद्धा गडावर रात्री वारा झोंबतो.